पांढऱ्या दगडापर्यंत खांदा

आमच्या सहलीत पंधरा प्रवासी असतात, एक वाटाड्या, एक ड्रायव्हर आणि एक पिवळी छत्री. यातली सगळ्यात महत्त्वाची छत्री. सकाळी साडेआठला बेलफास्टहून बस सुटली की वाटाड्या, म्हणजे स्ट्युअर्ट गॉल्ट, पहिला नियम सांगतो: छत्री जिकडे, तुम्ही तिकडे. कॅरिकफर्गसच्या किल्ल्यापाशी तिघंचौघं चुकतात. ग्लेनार्मला एखादा. कुशेंडॉल येईपर्यंत मात्र जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडत आलेली माणसंसुद्धा बदकाच्या पिल्लांसारखी छत्रीमागे ओळीनं चालायला लागतात. एकोणीस वर्षं मी ही बस चालवतोय. माणूस माणसाळायला आमच्या किनाऱ्याचे साधारण पन्नास मैल लागतात.

त्या गुरुवारी स्ट्युअर्ट बसमध्ये चढला तेव्हाच मी ओळखलं की आज समुद्रात दगडी वाट बांधणाऱ्या राक्षसाच्या त्याच्या नेहमीच्या गोष्टीत काही दम राहणार नाही. त्याचा मामा, रॉबर्ट जॉन, मंगळवारी गेला होता. मयत गुरुवारी बारा वाजता, घरून. स्ट्युअर्टनं रजा मागितली तर ऑफिसनं यादी दाखवली. यादीत आई होती, बाप होता, नवरा-बायको होते, मुलं होती. मामा नव्हता. शिवाय जून महिना, गर्दीचे दिवस.

आता कोणी म्हणेल, मग न विचारता दांडी मारायची. पण स्ट्युअर्टच्या नावावर त्या मोसमात दोन तक्रारी लागलेल्या होत्या. एक बाई नाराज होत्या कारण धुक्यामुळे त्यांना समुद्रापलीकडचं स्कॉटलंड दिसलं नाही. दुसरे एक गृहस्थ नाराज होते कारण झाडांच्या कमानीच्या रस्त्यावर फोटोत होती त्यापेक्षा दोन झाडं कमी भरली. तिसरी तक्रार आली की वाटाड्याची बदली विमानतळाच्या बसवर, आणि त्याच्या जागी कानाला लावून ऐकायचा एक डबा. डबा येऊन कपाटात बसलेला होता. त्यातला आवाज इंग्लंडातल्या कुठल्याशा नटाचा. त्याला धुकं, झाडं, कशाचीच पर्वा नव्हती, आणि मामाही नव्हता.

रॉबर्ट जॉनबद्दल सांगायचं तर तो सगळ्यांशी भांडलेला माणूस होता, आणि हे काम त्यानं नीट, एकेक घर घेऊन केलेलं होतं. चर्चशी भांडला गाडी लावायच्या जागेवरून. लोकर कातरणाऱ्याशी एका कोकरावरून. शेजारच्या डॅन मकर्डीशी एका फाटकावरून. ते फाटक उघडं ठेवायचं की बंद, यावर दोघं बावीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि मधल्या काळात फाटक गंजून पडलंसुद्धा. पण त्याचा खरा राग सहलीच्या बसेसवर. बॅलीकॅसल सोडून बॅलिंटॉयकडे निघालं की डावीकडून त्याची गल्ली वर चढते. त्या गल्लीतून दिसतं तसं रॅथलिन बेट, कडे आणि खालचा समुद्र अख्ख्या किनाऱ्यावर कुठून दिसत नाही. रॉबर्ट जॉननं काय करावं? गल्लीच्या समुद्राकडच्या बाजूला काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चाऱ्याच्या गठ्ठ्यांची भिंत रचली, आणि तोंडाशी पाटी लावली: ‘पुढे काही नाही. परत फिरा.’

असा माणूस. तर अशा माणसाच्या मयताला कोण येणार?

आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. माणूस कसा जगला ते लोक पाचसहा वर्षांत विसरतात. मयताला किती होते ते तीस वर्षं लक्षात राहतं, आणि कोण नव्हता ते त्याहून जास्त. शवपेटी घराच्या दारातून गल्लीच्या तोंडापर्यंत खांद्यावर जायला हवी, तिथून पुढे चर्चपर्यंत मयताची गाडी. सहा जणांचा एक खांदा. मग पेटीवाला, म्हणजे मयताची सगळी व्यवस्था बघणारा, खूण करतो, पुढचे सहा. खांद्याला माणसं नसली तर गाडी थेट दाराशी लावतात. तसं झालं की सगळ्या मुलखाला कळतं.

स्ट्युअर्टचा बाप गेला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्या मयताला रॉबर्ट जॉननं पहिला खांदा दिला. पेटीवाल्यानं बदलायची खूण केली, हा हलला नाही. दुसऱ्यांदा केली, हलला नाही. दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत मेव्हण्याच्या पेटीखालून निघाला नाही. त्यावरून मागच्या लोकांशी जे वाजलं त्यातल्या दोन घरांशी अजून बोलणं नव्हतं. स्ट्युअर्टनं हे मला या एकोणीस वर्षांत दोनदाच सांगितलंय, दोन्ही वेळा दारू न पिता.

कार्नलॉला पंधरा मिनिटांचा थांबा असतो. तिथे त्याच्या मामीचा फोन आला. आयनामामी काही रडत नव्हती. ती म्हणाली, चार जण आहेत. तिचा भाऊ, पोस्टमन, लोकर कातरणाऱ्याचा जावई, आणि पेटीवाल्याचा मदतनीस धरून चार. तेव्हा गाडी दाराशीच बोलावते, तू जिवाला लावून घेऊ नकोस, तुझं काम आहे.

स्ट्युअर्टनं फोन खिशात ठेवला आणि बंदरातल्या बोटींकडे बघत उभा राहिला. प्रवासी त्याच्यामागे ओळीनं उभे राहून त्याच बोटींकडे बघायला लागले. एकदोघांनी फोटोही काढले.

“मामीला सांग, गाडी खालीच ठेव म्हणावं,” मी म्हटलं. “बॅलीकॅसलचा चहा अर्ध्यावर आणू. दोरीच्या पुलाची वेळ साडेबाराची आहे. साडेअकराला आपण गल्लीच्या तोंडाशी. तू पाचवा.”

“सहावा कोण?”

“लेका, मी काय इथे शोभेला बसलोय?”

त्यानं मामीला फोन लावला. तसा मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे आमचं चर्च वेगळं. माझ्या बापाच्या काळात आमच्यातले लोक त्यांच्या मयताला रस्त्यापर्यंत जात आणि चर्चच्या फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहत. आता तसं नाही. आता आत बसतात आणि बाहेर आल्यावर त्यांच्या गाण्याला नावं ठेवतात.

बॅलीकॅसलला चहा लवकर आटोपायला लावला म्हणून एक जण कुरकुरला. ते ओल्टमान्स, उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गचे, रेल्वेत वेळापत्रकं करण्यात जन्म गेलेला. सहलीचं छापील पत्रक त्यांच्या हातात आणि पेन्सिल कानावर. प्रत्येक ठिकाणी पोचलं की वेळ लिहायचे, निघालं की वेळ लिहायचे. किल्ला चार मिनिटं उशिरा, ग्लेनार्म दोन मिनिटं लवकर. त्यांची बायको गेर्डा खिडकीतून बाहेर बघायची. दोघांच्या वाटणीचं बघणं ती एकटी करत होती. मी स्ट्युअर्टला म्हटलं, तिसरी तक्रार येणार असेल तर ती या कानावरच्या पेन्सिलीतून येईल.

गल्लीच्या तोंडाशी बस लावली. स्ट्युअर्टनं माईक घेतला आणि खरं तेच सांगितलं, पण वाटाड्या सांगतो तसं. म्हणाला, पत्रकात नसलेलं ठिकाण आहे. इथून जे दिसतं ते आजवर कुठल्याही सहलीला दाखवलेलं नाही. पाऊणएक तास थांबू. मला थोडं खासगी काम आहे, तुम्ही इथेच बसपाशी राहा.

सगळे उतरले. समोर गठ्ठ्यांची काळी भिंत. पाटी वाचली: पुढे काही नाही. ओल्टमान्सनी वेळ लिहिली आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग ते घडलं जे आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून घडावं. पावसाची भुरभुर आली. स्ट्युअर्टच्या हातात छत्री होती. ती त्यानं उघडली, वर धरली आणि मामाच्या घराकडे चालू लागला.

मी मागे वळून पाहिलं तेव्हा पंधराच्या पंधरा ओळीत होते.

मी स्ट्युअर्टला हाक मारू शकलो असतो. पण गल्ली चढत होतो, माझा दम एकसष्ट वर्षांचा आहे, आणि खरं सांगायचं तर मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

दारात आयनामामी काळ्या कोटात उभी होती, शेजारी तिची बहीण वही घेऊन. आमच्याकडे मयताच्या घरी आलेल्याला तू कोण असं विचारत नाहीत. विचारलं आणि तो सख्खा चुलतभाऊ निघाला तर दुसरं भांडण तयार. तेव्हा आलेल्याचा हात हातात घ्यायचा, नाव वहीत लिहायचं, चहा द्यायचा. पोस्टमन पुढे होता. त्यानं हात मिळवला, म्हणाला, वाईट झालं. स्ट्युअर्टनं मामीला जवळ घेतलं. मी हात मिळवला, म्हणालो, वाईट झालं. माझ्यामागे ओल्टमान्स. पत्रकात नसलं तरी रांग ही रांग असते. त्यांनी टाचा जुळवल्या, हात मिळवला आणि म्हणाले, वाईट झालं. मग गेर्डा. मग ओसाकाचे निशिवाकी नवरा-बायको, इतकं खाली वाकून की मामीही वाकली. मग कॅनडातल्या रिजायनाच्या दोन बहिणी. वाईट झालं, वाईट झालं, पंधरा वेळा. वहीत पंधरा नावं लिहिली गेली, गावांसकट. स्ट्युअर्टनं आतून वळून पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. पण तोवर सगळ्यांच्या हातात चहा होता.

चहाचीही आमच्याकडे रीत आहे. तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा घ्यायचा. निशिवाकींना ते न सांगता कळलं. ओल्टमान्स एकदाच नको म्हणाले आणि मनापासून म्हणाले, म्हणून त्यांना तीन कप प्यावे लागले.

प्रार्थना झाली. पेटीवाल्यानं अंगणात माणसं उभी केली. तो उंचीप्रमाणे जोड्या लावतो, नाहीतर पेटी कलते. पुढे स्ट्युअर्ट आणि पोस्टमन, मधे मामीचा भाऊ आणि जावई, मागे मी आणि पेटीवाल्याचा मदतनीस. झाले सहा. पण मामीच्या भावाचं कंबरेचं हाड नुकतंच बदललेलं, तो दहा पावलांवर वाकडा झाला. पेटीवाल्यानं हळूच म्हटलं, एक माणूस हवा.

कोणी हललं नाही. कारण दुसरं कोणी नव्हतंच. पंचवीस माणसांच्या त्या मयतात पंधरा सहलीची होती.

पेटी थांबली. खाली गल्लीच्या तोंडाशी काळी गाडी उभी होती. ती वर बोलवायला वेळ लागला नसता. मामीनं तिकडे एकदा बघितलं. तेवढ्यात ओल्टमान्सनी पेन्सिल कानावरून काढून खिशात टाकली, पत्रक बायकोकडे दिलं आणि रिकाम्या जागेत येऊन उभे राहिले. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, रचनेत एक जागा रिकामी होती. त्यांच्याकडे तेवढंच कारण होतं. पेटीवाल्यानं त्यांना हात कसा टाकायचा ते दाखवलं आणि सांगितलं, त्या पांढऱ्या दगडापर्यंत तुम्ही.

आम्ही निघालो. पुढे चर्चचे पाळक, मागे बायका. आमच्याकडे बायका पूर्वी मयताबरोबर चालत नसत. आता चालतात, आणि रिजायनाच्या बहिणी तर जन्मभर हेच करत असल्यासारख्या चालत होत्या. त्यांच्यापुढे निशिवाकींनी स्ट्युअर्टची पिवळी छत्री उचलून सरळ धरली होती. तेवढ्यापुरती शिस्त राहिली.

डॅन मकर्डी वरच्या शेतात ट्रॅक्टरवर होता. सकाळपासून तो एकच पट्टा नांगरत होता म्हणे, ज्यातून रॉबर्ट जॉनचं अंगण दिसतं. त्यानं बघितलं: मेलेल्या शेजाऱ्याच्या पेटीखाली एक अनोळखी माणूस, पायात चालायचे सँडल, पाठीवर लाल पिशवी. बदलीला उभे असलेलेही कुठलेकुठले. ट्रॅक्टर थांबला. डॅन गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत शेत तुडवत आला, पडलेल्या फाटकावरून पाय टाकला, आणि ओल्टमान्सच्या खांद्यावर बोट ठेवलं.

“बाजूला हो, पाव्हण्या. हा आमचा आहे.”

“दगडापर्यंत मी,” ओल्टमान्स म्हणाले.

“मी शेजारी आहे त्याचा.”

“दगडापर्यंत,” ओल्टमान्स म्हणाले. “मग तुम्ही.”

डॅननं पेटीवाल्याकडे बघितलं. पेटीवाल्यानं आभाळाकडे बघितलं. मग बावीस वर्षं कोणाचंच न ऐकलेला तो माणूस रेल्वेच्या निवृत्त कारकुनाशेजारून टोपी हातात घेऊन, पाऊल मोजत, पांढऱ्या दगडापर्यंत चालला. तिथे खांदा बदलला. पेटीखाली शिरताना डॅन कोणाला उद्देशून नाही असं म्हणाला, “भांडलो आम्ही, तर नेऊही आम्हीच.”

त्याच्यानंतर आसपासच्या घरांचे पडदे हलायचे थांबले आणि दारं उघडायला लागली. सगळेच आत तयार बसले होते, काळे कोट घालून. फक्त पहिला कोण जातो एवढीच वाट बघत होते. लोकर कातरणारा आला. चर्चचे दोघं आले, ज्यांच्याशी गाडीच्या जागेवरून वाजलं होतं. ते गाडी न आणता चालत आले. स्ट्युअर्टच्या बापाच्या मयतावरून फुरंगटलेल्या दोन घरांतले तिघं आले. परक्या मुलखातल्या लोकांनी रॉबर्ट जॉनला पोचवला, ही गोष्ट पुढची तीस वर्षं कोणाला ऐकायची नव्हती. घरून निघालो पंचवीस. गल्लीच्या तोंडाशी मी मोजले ते त्रेसष्ट. त्या वर्षी त्या चर्चला एवढं मोठं मयत दुसरं झालं नाही.

पेटीवाल्यानं स्ट्युअर्टला बदलायची खूण केली, तो हलला नाही. दुसऱ्यांदा केली, हलला नाही. मागून कोणीतरी पुटपुटलं की मामावर गेलाय. दारापासून गाडीपर्यंत तो खांदा त्यानं सोडला नाही.

पेटी गाडीत ठेवल्यावर मामी त्याच्याजवळ आली. विचारलं, “ही माणसं कुठली रे?”

“सहलीची आहेत, मामी. छत्रीमागे आली.”

मामीनं रांगेकडे बघितलं, गठ्ठ्यांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. “तो असता तर कुत्रं सोडलं असतं,” ती म्हणाली. मग डोळे पुसले. “सगळ्यांना चर्चच्या हॉलमध्ये जेवायला आण. आणि नाही म्हणू देऊ नकोस कोणाला.”

ओल्टमान्सनी घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेबारा वाजून गेले होते. पुलाची वेळ गेली ती गेली. हॉलमध्ये हॅमची आणि अंड्याची सँडविचं होती, तीन तऱ्हेच्या वड्या होत्या, आणि डॅन मकर्डी ओल्टमान्सना फाटकाचं प्रकरण पहिल्यापासून समजावून सांगत होता. ओल्टमान्सनी पेन्सिल काढून पत्रकाच्या मागे फाटकाचा नकाशा काढला आणि शेवटी निर्णय दिला की दोघांचंही चुकलं. डॅनला ते पटलं नाही, पण बावीस वर्षांत या विषयावर कोणी त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं.

त्या आठवड्यात ऑफिसला चौदा शेरे आले, सगळे पाच ताऱ्यांचे. एकानं लिहिलं की मयत फार खरं वाटत होतं. एकानं विचारलं की हिवाळ्यातही असतं का. ऑफिसनं स्ट्युअर्टला बोलावून विचारलं की हे ठिकाण दर गुरुवारी ठेवता येईल का. आणि पंधरावा शेरा ओल्टमान्सचा. दोन तारे. ‘पत्रकात दिलेला दोरीचा पूल दाखवला नाही. अंत्ययात्रा वेळेवर निघाली. सँडविच चांगलं.’

तिसरी तक्रार ती तिसरी तक्रार. स्ट्युअर्ट विमानतळाच्या बसवर गेला, माझ्याकडे डबा आला. डबा मी दोन महिने ऐकला. त्याच्यामागे कोणी चालत नाही. ऑफिसनं मामीलाही पत्र लिहिलं, गल्लीतून दिसणारा देखावा पत्रकात घालायची परवानगी मागणारं. मामीनं त्याच पत्राच्या मागे उत्तर लिहिलं: पुढे काही नाही.

हे झाल्याला वर्ष झालं असेल. मे महिन्यात मामीला ओल्डेनबुर्गहून पत्र आलं. गेर्डा ओल्टमान्सनं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. नवरा गेला. शेवटचं वर्षभर तो येईल त्याला सांगायचा की आपण एका माणसाला पांढऱ्या दगडापर्यंत खांदा दिला. तेव्हा तुम्हाला कळवावंसं वाटलं. मयत पुढच्या बुधवारी, अकरा वाजता. तुम्ही यावं असं मुळीच नाही.

मामीनं वही काढली. पान उघडलं. ओल्टमान्स, ओल्डेनबुर्ग. नाव होतं, म्हणजे जायला हवं. यात विचार करण्यासारखं तिला काही दिसेना. बॅलीमीनाच्या पलीकडे ती आयुष्यात चारदा गेली असेल. तिनं मला फोन केला, मी हो म्हटलं. डॅन मकर्डीला कोणी सांगितलं नव्हतं. तो सोमवारी सकाळी काळ्या कोटात फाट्यावर उभा होता, पिशवी घेऊन. म्हणाला, त्याची पाळी आधी होती, नंतर माझी. माझी मी घेतली, मग आता त्याला कोण?

बेलफास्टहून विमानतळाची बस पकडली. बस अर्थातच स्ट्युअर्टची. त्याला आता राक्षस सांगावा लागत नाही, फक्त सामान चढवावं लागतं. यावेळी त्यानं रजा मागितलीच नव्हती; यादीत मामाच नाही तिथे जर्मन कुठून असणार. तो गणवेशात होता, पण आतून काळा टाय घातला होता. विमानतळावर बस लावली, किल्ल्या पुढच्या ड्रायव्हरच्या हातात दिल्या आणि आमच्याबरोबर चालायला लागला.

रांगेत डॅननं त्याला विचारलं, “तिकडे खांद्यावरच नेतात ना?”

“नाही. चाकांची गाडी असते. ढकलतात.”

रांग दोनतीन पावलं सरकली. पुढची माणसं पट्टे आणि बूट काढून ट्रेमध्ये ठेवत होती.

“ढकलायला किती लागतात?”

“चार.”

डॅननं आम्हाला मोजलं. मामी, स्ट्युअर्ट, मी, आणि तो स्वतः. मग बूट काढायला खाली वाकला.